टेपवाले आप्पा आणि आबांचा आवाज

ये गं पोरी, अशी जवळ सरक. कागदावर का होईना, पण जवळ बस. आन् आधी एक ऐकून घे, मग बाकीचं. मी तुला फोनवर बोलून निरोप धाडते, तो तू दुप्पट वेगानं लावून ऐकतेस, असं माझ्या नातवानं हसत हसत सांगितलं. नवऱ्यानं चहाडी केली म्हणून त्याच्यावर चिडू नकोस, त्याच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही. पण मला सांग, म्हातारीचं बोलणं असं पळवत ऐकून कुठं जायचं असतं गं तुम्हाला? कोरेगाव भीमात तुमच्या दारात तर कंपनीची गाडी येते. मी मुद्दाम सावकाश बोलते, मधे थांबते. ते थांबणंबी निरोपातलंच असतं. म्हणून ह्या खेपेला फोन नाही, लिहूनच धाडते. हे कसं पळवतेस बघू.

मागं आलीस तेव्हा भाज्या चिरता चिरता तू मला हळूच विचारलंस, "आजी, आबांचा आवाज कसा होता हो?" तेवढ्यात कुणीतरी आलं आन् ते राहिलं. मला मात्र ते लागून राहिलं. तू ह्या घरात आलीस ती आमच्या ह्यांचं, आबांचं, ऑपरेशन होऊन गेल्यावर. गळ्याला रुमाल बांधणारे, काठी आपटून बोलावणारे, हातवारे करणारे, एवढेच आबा तुला ठाऊक. हा माणूस कधी बोलत होता, हे तुला कुणीतरी सांगितलंय म्हणून तू मानतेस. तर त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे मला आधी दुसऱ्याच एका माणसाचं सांगावं लागतं. थोडं लांबण लागेल. बस.

आपल्या वडगावच्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या आहेत ना, आता जिथं खताच्या गोण्या ठेवतो, तिथं एक भाडेकरू राहायचे. गाव त्यांना टेपवाले आप्पा म्हणायचं. मी भावजी म्हणायचे. पहिल्या दिवशी खोली बघायला आले, तर माणसानं नळ बघितला नाही, मोरी बघितली नाही, खिडकीला जाळी आहे का विचारलं नाही. खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभे राहिले. मग एक टाळी वाजवली. मग दार लावून घेऊन आतून आणखी एक टाळी. मी आबांना म्हणाले, हा कुणी देवऋषी दिसतोय, नको आपल्याला. तेवढ्यात दार उघडून ते बाहेर आले आन् म्हणाले, "खोली चांगली हाय वहिनी. भिंती मधे बोलत न्हाईत."

मूळचे दौंडचे. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेले. नोकरी सगळी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत झाली, मीटर न् गेज सांभाळायच्या खात्यात. मशिनीला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आन् आतलं पोट कसं वाजतंय ते ऐकायचं, असं ते काम. त्यात कंप्रेसरच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहून उजवा कान गेला. रिटायर झाले, बायको गेली, मुलगी लग्न होऊन सोलापूरला. आन् ह्या माणसाला एवढंच करायचं होतं, की डावा कान शाबूत आहे तोवर आवाज गोळा करायचे. दौंडात ते जमेना. तिथं दोन गाड्यांच्या मधे जेवढी शांतता सापडते तेवढ्यात घास गिळून होत नाही, असं म्हणायचे. म्हणून आमच्या नदीकाठाला आले.

सामान म्हणजे एक वळकटी, एक स्टो आन् कंपनीनं भंगारात काढलेला लॅपटॉप. त्याची एक बिजागरी तुटलेली, म्हणून त्याला पाटाला दोरीनं बांधून टाकलेला. बटणांवरची अक्षरं झिजून गेलेली. माईक होता तो मोडक्या छत्रीच्या दांड्याला बांधलेला. मी त्यांच्या दारात शेंगा फोडत बसायचे आन् बघायचे. पोरांच्या कॉम्प्युटरवर कशी रंगीत चित्रं असतात, इथं दाब, तिथं दाब. ह्यांच्या पडद्यावर काहीच नाही. नुसता काळा पडदा आन् त्यात एक पांढरी काडी लुकलुकतेय. त्या काडीपुढं ते इंग्रजीत एक ओळ लिहायचे, एंटर मारायचे, की आवाज भरायला लागला. मी विचारलं, बटण नाही का हो टेपचं? तर म्हणाले, "बटणाला काय कळतंय वहिनी? यंत्राला मोघम चालत न्हाई. नुसतं 'जरा टेप कर' म्हणून भागत न्हाई. कुठल्या माईकनं ऐकायचं, सेकंदाला किती येळा ऐकायचं, एका कानानं का दोन्ही कानांनी, आन् ऐकल्यालं कुठल्या नावानं ठिवायचं, सगळं आधी सांगायचं. मग ते गुमान बसून ऐकतंय."

मी म्हणाले, माझ्या घरातल्या माणसांनाबी असंच सगळं आधी सांगावं लागतं, पण ती गुमान बसत नाहीत.

मला ते बघायला आवडायचं. शाळा माझी झाली नाही, हे तुला ठाऊक आहे. मराठी मी किराण्याच्या पुड्यांवर वाचायला शिकले आन् इंग्रजी अक्षरं खताच्या गोण्यांवर. त्यामुळं त्यांच्या ओळीतली अक्षरं मला ओळखू यायची, शब्द नाही कळायचे. आवाज भरत असला की पडद्याच्या तळाशी कुंपणाच्या खांबांसारख्या खुणांची रांग उमटायची. कुणी मोठ्यानं बोललं की रांग पळत लांब जायची, गप्प झालं की मागं सरायची. आप्पा तिच्याकडंच बघत बसायचे. कानाचा भरवसा नाही, ह्या रांगेचा आहे, म्हणायचे. आणखी एक गंमत होती. दर वेळी सगळी ओळ लिहायला नको म्हणून वर जाणाऱ्या बाणाचं बटण दाबायचं, की मागं दिलेला हुकूम जसाच्या तसा पुन्हा पडद्यावर. नुसतं एंटर मारायचं. मी म्हणाले, माझ्या सासूबाई अशाच होत्या, त्यांना तर बाणबी लागायचा नाही.

काय काय भरलं त्यांनी, विचारू नकोस. पिठाची गिरणी, सोसायटीचं शटर, नदीवरच्या मोटरी, दुधाच्या कॅनची झाकणं. एकदा कुणीतरी मोटर खरखरते म्हणून बोलावलं. आप्पांनी ती भरून आणली, दोन दिवस ऐकत बसले आन् सांगितलं, बेअरिंग गेलं. मोटर खोलली तर बेअरिंग ठणठणीत, वरच्या पत्र्याचा बोल्ट तेवढा ढिला. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. हे गेले आन् बोल्ट आवळल्याचा आवाजबी भरून आले.

काहीही भरायच्या आधी नुसती जागा भरायची, हा नेम. सगळ्यांनी गप्प राहायचं आन् यंत्र रिकाम्या खोलीचं ऐकत बसायचं. आधी जागा ऐकू दे, मग माणूस, असं त्यांचं म्हणणं. त्या नेमापायी आमच्या फ्रिजचं पोट वाजतं म्हणून एकदा मेन स्विच पाडला आन् वर करायला विसरले. संध्याकाळी सगळं दूध फाटलेलं. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते त्यांनी भरलं असतं, तर आज मला लाज वाटली असती.

आन् बांगड्यांचं तर तुला सांगायलाच पाहिजे. त्यांना माझ्या भाकरी थापण्याचा आवाज हवा होता. छत्रीचा दांडा परातीपाशी आणून उभा केला. मी पिठाचा गोळा घेतला, तर हात वर करून मला थांबवलं आन् म्हणाले, "वहिनी, तेवढ्या बांगड्या काढता का? लई किणकिणत्यात." मी गोळा परातीत टाकला. सवाष्ण बाईला, तिच्या स्वयंपाकघरात, बांगड्या काढ म्हणतोय हा माणूस. उंबऱ्यात आबा तंबाखू मळत बसले होते. ते मान न उचलता म्हणाले, "आप्पा, मी हाय की अजून जिता."

आप्पांच्या तोंडावरचा रंग उडाला. मग ते असे काही कावरेबावरे झाले, की मलाच हसू आलं. शेवटी पदराची पट्टी बांगड्यांवर गुंडाळून मी भाकरी थापली. दुसऱ्या दिवशी आले आन् म्हणाले, ते काय खरं न्हाई, टायरवर हात मारल्यासारखं ऐकू येतंय. बांगड्यांसकट परत थापा.

हा माणूस काही पुसायचा नाही. खोकला आला, कुत्रं भुंकलं, मी मधेच दळण विचारायला गेले, तर ओरडायचे जरूर, पण तेबी ठेवून द्यायचे. मी एकदा सहज विचारलं, की बिघडलेलं कशाला सांभाळता? कट्ट्यावर बसलो होतो, दुपारची वेळ. पुढ्यातली टरफलं त्यांनी एका बाजूला लोटली. मग म्हणाले, "कंपनीतल्या सगळ्या मशिनी हायत माझ्याकडं. बायकोचा एक आवाज न्हाई. एकदा व्हता. पंपाचं भरत व्हतो घरी आणून, तवा ती दारातनं बोलली, जेवायला येताय का म्हणून. मी ते कापून टाकलं. मधी बोलली म्हणून."

मी शेंगा फोडत राहिले. 

आता आबांचं. तुझा आजेसासरा आवाजाचा माणूस होता गं. आपली मेंढरं आता मूठभर उरलीत, शेतीच झाली सगळी, पण तेव्हा बऱ्यापैकी होती. संध्याकाळी बांधावर उभं राहून आबा जी हाळी द्यायचे, ती अक्षरांत लिहिता येत नाही. आधी खालून, पोटातून, मग वर चढत जाणारी आन् शेवटाला तुटणारी. नदीपलीकडं दौंडाच्या बाजूला चरणारी मेंढरंबी मान वर करायची, मग ती आपली असोत की दुसऱ्याची. प्रत्येक मेंढक्याची हाळी वेगळी असते. आपल्याच धन्याच्या हाळीला मेंढरू वळतं. मी नव्यानं ह्या घरात आले तेव्हा आबांचं तोंड नीट बघायच्या आधी मला त्यांची हाळी ओळखू यायला लागली होती.

आधी आवाज बसला. हवा बदलली म्हणून, आंबट खाल्लं म्हणून, असं करत आम्ही दिवस काढले. मग पुण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई भली होती, समोर बसवून नीट सांगितलं. गाठ आवाजाच्या पेटीवरच आहे. पेटी काढली तर माणूस राहील. बोलणं राहणार नाही.

घरी आल्यावर सगळे एकाच गोष्टीमागं लागले. कुणाला रजा मिळेल, कोण सोबत राहील, मेंढरं कोण बघेल. आवाजाचं कुणी काढलं नाही. मीबी नाही. माणूस राहतोय हेच पदरात घेऊन बसले होते. आवाजाचं काढलं ते आप्पांनी. ते आबांपुढं येऊन उभे राहिले आन् म्हणाले, आबा, जायच्या आधी तुमचा आवाज भरून घेऊ.

आबांनी साफ नाही म्हणून सांगितलं. मेल्यावर लावायला फोटो काढून ठेवतात, तसलं ते वाटलं त्यांना. उठून मेंढरांकडं निघून गेले. कुणी म्हणालं, फोनवर टेप करा की चोरून, काय अवघड आहे? ह्यावर आप्पा चिडले. फोन आपल्या मनानं ठरवतो कुठला आवाज माणसाचा आन् कुठला कचरा, म्हणाले, आन् मेंढरांचा सगळा कचरा म्हणून गाळून टाकतो. आन् चोरून तर मुळीच नाही. ज्याचा आवाज आहे त्यानं द्यायला पाहिजे.

रोज संध्याकाळी ते आबांपाशी जाऊन बसायचे, काही न बोलता. मला वाटतं, त्या बसण्यालाच आबा हरले. ॲडमिट व्हायचं जवळ आलं तसं एकदा म्हणाले, "बरं, आणा तुमचा तो काळा पडदा."

खोलीत सगळी तयारी झाली. पंखा बंद, दार बंद, आधी जागा ऐकून घेतली. आप्पांनी बोट वर केलं. आन् आबा टोपी सारखी करून, ताठ बसून सुरू झाले, "नमस्कार. मी राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. आज या ठिकाणी मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी सर्वांचा आभारी आहे." सोसायटीच्या सभेला उभे राहिल्यासारखे बोलत गेले. जमिनीचे गट नंबर सांगितले, पाण्याच्या पाळीचं सांगितलं, शेवटी जय हिंद म्हणून थांबले.

आप्पांनी लावून ऐकवलं आन् मला विचारलं, "वहिनी, हे कोण?"

मी म्हणाले, कोणी पुढारी दिसतोय.

"आबा," आप्पा म्हणाले, "तुमी तुमच्यासारखं बोला."

"मग आत्ता इतका येळ कोण बोललं?" आबा म्हणाले. आन् हे म्हणाले ते एकदम त्यांच्यासारखं, पण तोवर यंत्र थांबवलेलं होतं.

मग हाळीचं ठरलं. खोलीत तर मेंढरं नाहीत, म्हणजे हाळी निघणार नाही. ज्या सकाळी दवाखान्यात जायचं, तिच्या आदल्या संध्याकाळी आप्पा पाटासकट लॅपटॉप घेऊन रानात आले. त्याची बॅटरी कधीचीच मेलेली, म्हणून मोटरीच्या पेटीपासून वायर ओढत आणली. वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून माईकला आबांच्या जुन्या घोंगड्याचा तुकडा गुंडाळला होता. तर कोकरं येऊन तो हुंगायला लागली. जाळ्याचं कुंपण असतं ना मेंढरांचं, वाघर, त्याच्या कडेला छत्रीचा दांडा रोवला. आप्पांनी बाकी मेंढरं लांब काढायला लावली. नेमाप्रमाणं आधी नुसतं रान ऐकून घेतलं. मग नवीन हुकूम लिहिला, नाव दिलं हाळी, आन् एंटर मारलं.

डॉक्टरांनी ओरडू नका म्हणून बजावलं होतं. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना अडवलं नाही. मग त्यांनी मान वर केली आन् हाळी दिली.

बसलेल्या नरड्यातून ती कशी निघाली देवाला ठाऊक. मधे एका जागी फाटली, पण चढली आन् जिथं तुटायची तिथंच तुटली. लांबची मेंढरं वळली. वाघरीपर्यंत येईस्तोवर त्यांचा आवाज, खुरांचा आवाज, सगळं आलं. आबा खाली बसले. खोकल्याची अशी उबळ आली, की मी पाठीवर हात फिरवत राहिले. रुमालाला रक्त लागलं होतं. आता पुन्हा म्हणून काही होणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाबी कळत होतं.

आप्पांनी यंत्र थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "ऐका आबा, ऐका," म्हणाले आन् घाईघाईत बाण दाबून एंटर मारलं.

अगं, ऐकवायचा हुकूम त्यांनी अजून दिलेलाच नव्हता. मागचा हुकूम होता तो भरायचा. बाणानं तोच वर आला. तीच ओळ, तेच नाव. आन् हे यंत्र तुला विचारत नाही, की बाई ह्या नावाचं आधी एक आहे, त्याच्यावर भरू का? मोघम चालत नाही म्हणायचे ना, तसंच झालं. सांगितलं तेवढं त्यानं केलं. जुनं पुसून नव्यानं ऐकायला बसलं.

आप्पा पडद्याकडं बघत राहिले. हात बटणांवरून उचलून मांडीवर ठेवले, जसे दुसऱ्या कुणाचे असावेत. मी विचारलं, काय झालं भावजी? मग आबांनी विचारलं. तेव्हा खाली बघून म्हणाले, "गेलं आबा. माझ्या हातनं गेलं. पुसलं मी."

जो माणूस खोकलाबी पुसत नव्हता, त्याच्या हातून आबांची हाळी गेली होती.  राग यायला पाहिजे होता, पण त्या माणसाच्या तोंडाकडं बघून तो यायला धजेना.

आन् आबा हसायला लागले. आधी वाटलं खोकला, पण हसणं होतं. बसलेल्या आवाजातलं, खरखरीत, मांडीवर हात मारत हसणं. म्हणाले, "गेली? जाऊ द्या. मेंढरांची व्हती ती, त्यांच्या कानात हाय. माणसाला काय करायची? तुमी आधी तोंड वर करा आप्पा. नरडं माझं जायचंय, तुमचं काय गेलंय?"

आप्पांनी तोंड वर केलं नाही.

मग आबा सुटले. कितीतरी दिवस हळू बोलत होते, त्या संध्याकाळी बोलतच राहिले. आप्पांची चेष्टा केली. कुरकुंभात असं काही पुसलं असतंत तर दौंड शिल्लक राहिलं नसतं, म्हणाले. बांगड्यांचं काढलं. बोल्टाचं काढलं. ह्या कोकराला शिव्या घाल, त्या मेंढीला नावानं हाक मार. लहानपणी बापानं हाळी शिकवताना कसं विहिरीत तोंड घालून ओरडायला लावलं, ते सांगितलं. ते मी एवढ्या संसारात कधी ऐकलं नव्हतं.

ऐकता ऐकता माझी नजर पाटाकडं गेली. पडद्याच्या तळाशी कुंपणाची रांग पळत होती. आबा हसले की लांब जायची, थांबले की मागं सरायची. यंत्र चालूच होतं. घाबरून आप्पांनी ते थांबवलंच नव्हतं.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनाबी दिसलं होतं. त्यांनी मला नजरेनंच सांगितलं, गप्प. मेंढरं ओरडत होती, रस्त्यानं ट्रॅक्टर गाणं लावून गेला, माझ्या बांगड्या वाजत होत्या, कोकरू माईकला ढुशा देत होतं. खोलीत एवढं झालं असतं तर हा माणूस दहादा ओरडला असता. तो दगडासारखा बसून राहिला. आबांना काही पत्ता नव्हता.

शेवटी आबा मला म्हणाले, "अगं, च्या टाक आप्पांला. साखर जास्त घाल, माणूस भ्यालाय."

मी उठले. चालू लागले. एवढं झाल्यावर मग आप्पांनी दोन बोटं टेकवून यंत्र थांबवलं आन् आबांना सांगितलं, की चोरी झालीय, तुमचं बोलणं भरलं गेलंय, तुम्ही म्हणाल तर पुसतो. आबांनी टोपी सारखी केली. म्हणाले, ठेवा. दुसरं काही पुसू नका आता, तुमचा हात आज चांगला नाही.

ते ठेवलेलं आहे पोरी. ऑपरेशन पार पडलं, आबा घरी आले. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दवाखान्यानं दिलं होतं, त्यांना ते पत्र्यासारखं वाटलं, ठेवून दिलं. मेंढरांनी काठीचा ठोका ओळखायला थोडे दिवस घेतले. आप्पा त्या सगळ्या दिवसांत रोज येऊन बसायचे, आधी बसायचे तसेच. पुढं डावा कानबी जायला लागला, तेव्हा मुलगी येऊन त्यांना सोलापूरला घेऊन गेली. जाताना ते आवाज एका पेन ड्राइव्हमध्ये घालून देऊन गेले. सगळे. पुढाऱ्याचं भाषणबी त्यात आहे, भाकरी दोन्ही प्रकारची आहे. आजबी आठवड्याला मुलगी व्हिडिओ कॉल लावून देते. ह्याला बोलता येत नाही, त्याला ऐकू येत नाही, आन् दोघांचं अर्धा अर्धा तास चालतं. मी फोन धरून उभी राहते आन् माझाच हात दुखून येतो.

माझ्या आयुष्यात देणारी माणसं पुष्कळ आली, त्यांना मी हात जोडते. पण माझ्याच नवऱ्याचा आवाज मला परत ऐकवणारा हा एकच. आन् तोबी चूक करून. मी त्यांना एकदा तसं म्हणालेही, भावजी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. तर मान हलवून म्हणाले, माझे कसले, मी पुसायला बसलो होतो.

आता तू म्हणशील, आजी, पाठवून द्या की फोनवर. नाही पाठवणार. आवाज कसा होता हे तिकडं एकटीनं बसून कळायचं नाही. ते लागलं की आबा पुढ्यात बसलेले असतात. आप्पांच्या चेष्टेपाशी त्यांचे ओठ हलायला लागतात, एकेक शब्द बरोबर. हसायच्या जागेवर ते हसतात, आवाज यंत्रातनं येतो आन् खांदे इथं हलतात. ते दोन्ही मिळून त्यांचा आवाज आहे. तो तुला असाच ऐकायला पाहिजे, पोरी, आन् मला तो तुझ्याशेजारी बसून ऐकायचाय.

तेव्हा येत्या रविवारी दोघं या. उशीर करू नका, आम्ही दोघंबी म्हातारी आहोत. तू आबांजवळ बस. मी तुझ्या पलीकडं, चुलीच्या बाजूला बसेन. "अगं, च्या टाक," म्हणाले की मला उठावं लागतं.